कादंबरीत किती घडायला हवं?

कादंबऱ्यांबद्दल वाचकांच्या दोन तक्रारी कायम ऐकू येतात. एक म्हणजे ‘यात काही घडतच नाही’ आणि दुसरी ‘किती घडवलंय, दमायला होतं’. बऱ्याचदा या दोन्ही तक्रारी एकाच पुस्तकाबद्दल असतात आणि दोन्ही खऱ्या असतात. तीन अपघात, दोन लग्नं आणि एक कोर्टकेस असलेलं हस्तलिखितही जागचं हलत नाही, कारण प्रत्येक अपघातानंतर माणसं उठतात, कपडे झटकतात आणि आधीसारखीच वागू लागतात. त्यामुळे ‘वाचकाला घटना किती लागतात’ हा प्रश्न मोजदादीने सुटत नाही.

माझं मत असं की वाचक घटनांची नोंद ठेवत नाही, तो बाकी धरून ठेवतो. वाण्याच्या वहीत उधारी राहिली की गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येतं, तसं काही येणं बाकी असेल तर वाचक पुढचं पान उलटतो. बाकी शिल्लक असताना वीस पानं नुसता पाऊस पडला तरी चालतं. बाकी संपल्यावर मात्र खून पाडूनही उपयोग होत नाही. पुढची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे. ती पहिला खर्डा पूर्ण झालेल्यांसाठी आहे. खर्डा चालू असताना हा हिशेब मांडू नका, लिहिणं थांबेल.

आधी बघा, तुम्ही वाचकाला काय कबूल केलंय

पहिली वीस पानं वेगळी काढा आणि परक्याच्या नजरेने वाचा. त्यात तुम्ही काहीतरी कबूल केलेलं असतं, कधी नकळतही. पहिल्याच पानावर प्रेत सापडलं, तर कोणी मारलं हे सांगण्याचं कबूल झालं. पहिली वीस पानं एखाद्या माणसाच्या तिरकस, चिडक्या, मजेशीर बोलण्याने भरली असतील, तर तो आवाज शेवटपर्यंत ऐकवण्याचं कबूल झालं. तिथे अचानक शंभराव्या पानावर तस्करांची टोळी आणली तर वाचक वैतागतो. घटना कमी होत्या म्हणून नव्हे, त्याने त्या मागितल्याच नव्हत्या म्हणून.

मराठीत या दोन्ही टोकांचे वाचक भरपूर आहेत, पुष्कळदा एकाच घरात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि वाचनालयांतून त्या हातोहात फिरल्या. त्यांच्या ‘झुंजार’ या नायकाची गोष्ट हातात घेणाऱ्याला प्रत्येक प्रकरणात काहीतरी व्हायला हवं असतं आणि ती अपेक्षा अगदी रास्त आहे. तोच माणूस भालचंद्र नेमाडेंची १९६३ ची ‘कोसला’ही वाचतो आणि तिथे ही अपेक्षा करत नाही. म्हणून ‘मराठी वाचकाला काय हवं’ असा घाऊक प्रश्न विचारू नका. तुमच्या पहिल्या वीस पानांनी कोणत्या वाचकाला आत बोलावलंय, एवढंच बघा आणि एका ओळीत लिहून भिंतीवर लावा. ती ओळ लिहिता येत नसेल, तर अडचण घटनांच्या संख्येत नाही, सुरुवातीतच आहे.

तीन रकान्यांची वही

आता मुख्य काम. एक लांब वही घ्या किंवा एक्सेल उघडा. प्रत्येक प्रकरणासाठी एक ओळ आणि तीन रकाने: काय घडलं, त्याने काय बदललं, काय बाकी राहिलं. अट एकच, प्रत्येक रकान्यात एकच वाक्य. ‘तिच्या मनात विचारांचं काहूर उठलं’ हे पहिल्या रकान्यात चालणार नाही. काहूर उठून तिने काय केलं किंवा काय करायचं टाळलं, ते लिहा. टाळणं हीसुद्धा घटनाच असते, फक्त ती वाचकाला दिसायला हवी.

उदाहरण घेऊ. समजा कादंबरी चिपळूणजवळच्या एका वडिलोपार्जित घराची आहे. वडील गेलेत, आई त्या घरात एकटी राहते. दोन भाऊ, एक बहीण. बहीण पुण्यात नोकरी करते. भावांना घर विकायचंय आणि त्यासाठी बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी असं त्यांना वाटतं. पहिल्या पाच प्रकरणांची वही अशी दिसेल:

पहिलं प्रकरण. घडलं: मोठ्या भावाने मे महिन्यात आलेल्या बहिणीसमोर कागद ठेवला. बदललं: पाहुणी म्हणून आलेली बहीण हिस्सेदार झाली. बाकी: ती सही करणार का?

दुसरं. घडलं: तिने ‘विचार करून सांगते’ म्हटलं आणि कागद पर्समध्ये टाकला. बदललं: वहिनी तिच्याशी तोलून-मापून बोलू लागली. बाकी: आईला हे माहीत आहे का?

तिसरं. घडलं: आई परसात सोलं वाळवते, बहीण मदत करते, कागदाचा विषय कोणी काढत नाही. बदललं: काही नाही. बाकी: दोन्ही प्रश्न तसेच, पण आता आईच्या गप्प राहण्याबद्दल शंका.

चौथं. घडलं: तलाठ्याकडे चौकशी केल्यावर कळतं की सातबाऱ्यावर वारसनोंदीचा फेरफार झालेलाच नाही. बदललं: घाई भावांना आहे, तिला नाही, हे तिला उमगतं. बाकी: हा वेळ ती कशासाठी वापरणार?

पाचवं. घडलं: ती पुण्याला परतते, ऑफिसात बढतीची बातमी येते, मैत्रिणींबरोबर जेवण, नवऱ्याशी किरकोळ भांडण आणि समेट. बदललं: काही नाही. बाकी: काही नाही.

तिसऱ्या आणि पाचव्या प्रकरणांची तुलना करा. ‘घटनाप्रधान’ म्हणाल तर पाचवं, त्यात बढती आहे, भांडण आहे, समेट आहे. तिसऱ्यात नुसती सोलं वाळतायत. तरी वाचक तिसरं मन लावून वाचेल आणि पाचव्यात पानं चाळेल. तिसऱ्या प्रकरणाच्या खाली न बोललेला कागद आहे, पाचव्याच्या खाली काहीच नाही. इथे नवशिक्या लेखकाला वाटतं की पाचव्या प्रकरणात ‘काहीतरी टाकायला हवं’. टाकायला काही नको. बढतीमुळे तिला पैशांची गरज उरली नाही, म्हणून हिस्सा मागणं तिलाच लोभीपणाचं वाटू लागलं, असं केलं की तेच प्रकरण जिवंत होतं. घटना तीच, फक्त ती बाकीशी जोडली गेली.

संपूर्ण वही भरून झाली की रंगीत पेन्सिल घ्या. जिथे दुसरा आणि तिसरा दोन्ही रकाने कोरे, ती प्रकरणं लाल. जिथे पहिला रकाना रिकामा पण तिसरा भरलेला, त्यांना हात लावू नका, पुष्कळदा तीच तुमची सर्वात चांगली पानं असतात. सगळ्यात संशयास्पद ओळी म्हणजे जिथे पहिल्या रकान्यात मोठी गोष्ट आहे (मृत्यू, अपघात, पळून जाणं) आणि दुसरा कोरा आहे. मृत्यूने काही बदलत नसेल तर तो माणूस कादंबरीत आधीही नव्हता.

फॉर्मने मोजा

प्रकरणांची लांबी कमी-जास्त असते, म्हणून नुसत्या प्रकरणांवरून गतीचा अंदाज येत नाही. छापखान्याचं माप इथे उपयोगी पडतं. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं. डेमी आकाराच्या पानावर साधारण तीनशे शब्द धरले, तर एक फॉर्म पावणेपाच हजार शब्दांच्या आसपास आणि २४० पानांची कादंबरी म्हणजे १५ फॉर्म. हस्तलिखितावर दर पावणेपाच हजार शब्दांना आडवी रेघ मारा.

आता बघा, प्रत्येक फॉर्ममध्ये दुसऱ्या किंवा तिसऱ्या रकान्यात निदान एक नोंद आहे का. एखादा फॉर्म कोरा गेला तर हरकत नाही, वाचकालाही श्वास घ्यायचा असतो. दोन सलग कोरे असतील तर तिथली भाषा फार चांगली हवी. तीन सलग कोरे असतील तर वाचक पुस्तक उशाला ठेवून झोपतो आणि दुसऱ्या दिवशी उचलत नाही. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, नियम नव्हे, पण पहिल्या कादंबरीत तो मोडू नये. उलट बाजूही तपासा. एकाच फॉर्ममध्ये पाच-सहा मोठे बदल आले असतील तर त्यांतला एकही वाचकाच्या लक्षात राहत नाही.

हप्त्याने छापण्याच्या काळात हे माप आपोआप पाळलं जाई. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून येऊ लागली. आठवडाभर थांबलेल्या वाचकाला प्रत्येक हप्त्यात काहीतरी हातात द्यावंच लागे. पण हरिभाऊंनी दिलं काय? बरंचसं घरातलंच: सासर-माहेर, सोवळं-ओवळं, नवऱ्याने बायकोला शिकवणं, त्यावरून घरात उठलेलं वादळ. तलवारी नाहीत, गुप्त भुयारं नाहीत. नायिका यमूचं वाचायला शिकणं ही त्या घरात क्रांती होती, म्हणून ती कादंबरीतही मोठी घटना ठरली. घटनेचा आकार ती ज्या घरात घडते त्या घराच्या नियमांवर ठरतो. तुमच्या कादंबरीतल्या घराचे नियम वाचकाला आधी कळले असतील, तर एका पुस्तकावरूनही भूकंप होतो. नियमच कळले नसतील, तर घटस्फोटही बातमीसारखा वाचला जातो.

कमी घडत असेल तर

वहीत पहिला रकाना बराच कोरा असेल तर घाबरू नका, पण तो पोकळपणा कशाने भरलाय ते स्वतःला स्पष्ट सांगता आलं पाहिजे. घटना कमी असलेल्या कादंबऱ्या तीन गोष्टींवर तगतात.

आवाज ही पहिली. ‘कोसला’त काही घडत नाही असं म्हणणाऱ्यांनी ती वही लावून बघावी. हॉस्टेल, मेस, पैशांच्या भानगडी, परीक्षा, गावी परतणं आणि धाकट्या बहिणीचा देवीच्या रोगाने झालेला मृत्यू, असं बरंच काही आहे. फक्त ते चढत्या कमानीने बांधलेलं नाही आणि निवेदक पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्यात ते असं मिसळून जातं की आपण घटना नव्हे, तो माणूस वाचत असतो. ही युक्ती उचलायला सोपी वाटते आणि फार महागात पडते. तिरकस बोलणारा निवेदक घेतला म्हणजे झालं, या समजुतीवर मराठीत साठ वर्षं कागद खर्च होतोय. परीक्षा साधी आहे. निवेदकाची कोणतीही दोन पानं नाव झाकून द्या आणि बोलण्यावरून माणूस ओळखू येतो का ते बघा.

दुसरी गोष्ट, जागा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आकाराने छोटी आणि बाहेरून बघता तिचं कथानक एका वाक्याचं: तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, तिथे रुळतो, दुष्काळ पडतो, वाडी रिकामी होते. आत मात्र लहान-लहान प्रसंगांची दाटी आहे. बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः औताला लागते, हा प्रसंग दोन-चार पानांचाच असेल, पण एकदा वाचला की विसरता येत नाही. तो मुख्य कथानकाला पुढे नेतो का? नाही. तो वाडी उभी करतो. वाडी आपली वाटली म्हणूनच तिचं उठून जाणं शेवटी वाचकाला लागतं. जागेवर तोललेली कादंबरी लिहीत असाल तर वहीतल्या ‘बदललं’ रकान्यात पात्राऐवजी गाव धरा.

तिसरी, एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगणं. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघंही प्रेम करतात. पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. घटना मोजक्याच. पण दुसरा भाग वाचताना पहिल्या भागातली प्रत्येक लहान गोष्ट बदलून जाते. नवीन घटना न आणता बाकी वाढवण्याचा हा उत्तम मार्ग आहे. मात्र दुसऱ्या माणसाला पहिल्यापेक्षा वेगळं काही माहीत असायला हवं. तेच पुन्हा, फक्त ‘माझ्या नजरेतून’, असं असेल तर अर्धी कादंबरी कापा.

जास्त घडत असेल तर

गर्दी झालेल्या हस्तलिखितांत त्याच-त्याच घटना सापडतात: ऐन वेळी आलेला हृदयविकाराचा झटका, घाटातला अपघात, चुकीच्या हाती पडलेलं पत्र (आता व्हॉट्सअ‍ॅप मेसेज), वडिलांचं दुसरं कुटुंब. कादंबरीचं तंत्र मराठीत शिकवलं गेलं ते मुख्यतः ना. सी. फडक्यांच्या ‘प्रतिभासाधन’पासून (१९३१). गुंतागुंत आणि तिची उकल हे त्यांनी इतकं पटवून दिलं की पुढे पुष्कळांनी गाठी मारण्यालाच कादंबरी समजलं. त्यात दूरदर्शन मालिकांची सवय मिसळली. मालिकेला रोज संध्याकाळी प्रेक्षक परत आणायचा असतो. तुमचं पुस्तक आधीच वाचकाच्या हातात आहे, त्याला रोज दचकवायची गरज नाही.

कापण्यासाठी प्रत्येक मोठ्या घटनेला तीन प्रश्न विचारा. ही घटना कोणा पात्राने केली की वरून पडली? वरून पडली असेल, तर तिने कोणाला निवड करायला भाग पाडलं? आणि ती काढली तर पुढची किती पानं अडखळतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मनाने देऊ नका. फाइलची प्रत काढा, घटना खरोखर पुसा आणि पुढची दोन प्रकरणं वाचा. दोन-चार वाक्यं बदलून काम भागलं तर ती घटना सजावट होती.

आपल्या चिपळूणच्या घराकडे परत या. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि शहर बुडालं. लेखकाला तो पूर कादंबरीत आणावासा वाटणं साहजिक आहे. आणावा का? पूर आला, घरात चिखल भरला, सगळे रडले, मग साफसफाई झाली, असं असेल तर वर्तमानपत्रात ते आधीच चांगलं लिहिलं गेलंय. पण पुरानंतर घर विकण्याची घाई असलेले भाऊ मुंबईहून येऊ शकले नाहीत आणि चिखल काढायला बहीणच उभी राहिली, तर सहीचा प्रश्न उलटा होतो. आता तिने हिस्सा मागितला तर तो लोभ राहत नाही. वरून पडलेली घटना चालते, पण आधीपासून बाकी असलेल्या गोष्टीलाच तिने धक्का दिला पाहिजे. वडिलांचं दुसरं कुटुंब मात्र बिनदिक्कत काढून टाका. ते आलं की सगळे सहीचा कागद विसरतात.

जी घटना ठेवायची ठरवली, ती दाखवायची की सांगायची हा वेगळा निर्णय. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा, फोटो, साक्षीदार हे सगळं दहा पानं लिहावंसं वाटेल. मोठी घटना मोठ्या जागेत लिहायची ही सवय आहे, गरज नव्हे. सही एका वाक्यात झाली आणि कचेरीच्या बाहेर चहा पिताना भाऊ काय बोलला याला चार पानं दिली, तर वजन योग्य जागी जातं.

शेवट सगळ्यांना माहीत असेल तेव्हा

मराठी वाचकांची सर्वात लाडकी पुस्तकं आठवा. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२), शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७), विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८). माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने जाणार, कर्णाचं चाक रुतणार, १४ जानेवारी १७६१ ला मराठे हरणार, हे पुस्तक विकत घेण्याआधी वाचकाला माहीत असतं. ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेवर कादंबरी चालते, हा समज इथेच मोडतो. वाचक इथे थांबतो तो ‘हे टळू शकलं असतं का’ या बाकीसाठी, आणि ती बाकी शेवट माहीत असल्यामुळेच वाढते. ‘मृत्युंजय’मध्ये सहा जण आळीपाळीने बोलतात. कथा माहितीची, पण कुंती काय सांगेल, वृषाली काय सांगेल, ते माहीत नसतं.

ऐतिहासिक किंवा पौराणिक कादंबरी लिहिणाऱ्याने वहीत चौथा रकाना जोडावा: वाचकाला आधीच ठाऊक. ज्या प्रकरणात पहिला आणि चौथा रकाना तंतोतंत सारखा, तिथे तुम्ही बखर पुन्हा लिहिली आहे. लढायांची वर्णनं बहुधा इथेच पकडली जातात. समकालीन कादंबरीतही ही युक्ती वापरता येते. बहिणीने सही केली हे पहिल्याच पानावर सांगून टाका आणि मग का केली ते पुढची दोनशे पानं सांगा.

दुसऱ्याकडून वाचून घेताना

स्पायरल बाइंडिंगच्या तीन-चार प्रती काढा आणि भिन्न सवयींच्या माणसांना द्या: एक रहस्यकथा वाचणारा, एक फक्त चरित्रं वाचणारी, एक जो दिवाळी अंकांखेरीज काही वाचत नाही. कवी मित्र टाळा, ते वाक्यांवर बोलतात. ‘आवडली का’ विचारू नका, कारण मराठी माणूस तोंडावर ‘छान आहे’ म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे खाली ठेवाल तिथे फुली मारा, कारण लिहू नका. फुल्या एकाच फॉर्ममध्ये पडल्या की वही उघडून तो फॉर्म बघा. एक तृतीयांश वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: आता कशाची वाट बघताय? ‘ती सही करते का बघायचंय’ असं उत्तर आलं तर गाडी रुळावर आहे. ‘भाषा छान आहे’ आलं तर बाकी संपलेली आहे.

‘संथ आहे’ हा शेरा आला तर तो शब्दशः घेऊ नका. पुष्कळदा संथपणाचं कारण त्या प्रकरणात नसतं, दोन प्रकरणं आधी असतं, जिथे तुम्ही एखादा प्रश्न फार लवकर सोडवून टाकला. तिथे नवीन प्रसंग घालण्यापेक्षा ते उत्तर चाळीस पानं पुढे ढकला.

पुस्तक ध्वनिरूपातही येणार असेल (स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठीत ही शक्यता खरीखुरी झालीये) तर एक प्रकरण मोठ्याने वाचून, मोबाइलवर रेकॉर्ड करून भांडी घासताना ऐका. कानाने ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. चार प्रकरणांपूर्वी टाकलेला कागद त्याला आठवेल असं धरू नका. पण त्यासाठी घटना वाढवायची नसते. ‘पर्समधला तो कागद’ असा अर्ध्या वाक्याचा उल्लेख पुरतो, आणि छापील वाचकालाही तो नडत नाही.

दुसरा खर्डा झाला की वही नव्याने भरा, जुनीत खाडाखोड करू नका. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर पहिल्या रकान्यातल्या ओळी कमी आणि तिसऱ्यातल्या जास्त झाल्या असतील, तर हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवायला हरकत नाही.